शेवटचे तीनशे वीस मीटर

माणसाने मोठ्यांचं ऐकावं हे खरं, पण किती ऐकावं याला काही सुमार असतो की नाही? आमचे जावई सगळ्यांचं ऐकतात. न्हाव्याने मान खाली घालायला सांगितली आणि तो मध्येच कुणाशी बोलायला बाहेर गेला, तर हे अर्धा तास मान घालून बसलेले. बसमध्ये मागून कुणी जरा पुढे सरकायला सांगितलं की हे सरकत सरकत पुढच्या दारातून खाली उतरतात. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द ह्यांच्या तोंडात घालायचा राहूनच गेला. लेक म्हणते स्वभाव आहे. मी म्हणते आजार आहे. आणि ह्या आजाराचं खापर सगळ्या गावाने माझ्या डोक्यावर फोडलं, म्हणून आज पेन हातात धरलंय. मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. काना-मात्रा चुकली तर वाचणाऱ्याने आपापल्या घरी नीट करून घ्यावी.

तर माझी तक्रार अशी. जो माणूस देशाच्या त्या किनाऱ्यापासून ह्या किनाऱ्यापर्यंत सायकल मारत येतो, तेरा दिवस, एक हजार तीनशे बारा किलोमीटर, त्याने शेवटचे तीनशे वीस मीटर शिल्लक ठेवून खाली उतरावं? हत्ती गेला आणि शेपूट अडकलं असं लोक नुसतं म्हणतात. मी ते आमच्या दुकानासमोर डोळ्यांनी पाहिलं.

आधी आम्ही कोण, ते सांगते. आमची लॉन्ड्री आहे, अडतीस वर्षं झाली. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वळणाच्या अलीकडे. ह्या अडतीस वर्षांत आमच्याकडून एक हातरुमाल हरवला नाही, एकाचा रंग दुसऱ्याला लागला नाही, आणि एकदा सुरू झालेलं मशीन मी मध्ये थांबवलं नाही. पद्धत साधी. कपडा दारातून आत आला की आधी त्याला नंबराची पट्टी, मग मशीन. कोणाचा, कशाला, हे नंतर. एकदा एक गृहस्थ नुसता पत्ता विचारायला आले आणि उकडतंय म्हणून त्यांनी कोट काउंटरवर ठेवला. त्यांना पत्ता लगेच मिळाला, कोट दुसऱ्या दिवशी. आमचे हे इस्त्री करतात. दिवसाला पाच-सहा शब्द बोलतात, त्यातले दोन 'वाफ संपली'.

माझी थोरली बहीण, आमची ताई, वळणापलीकडच्या वृद्धाश्रमात असते. तिसऱ्या मजल्यावर. तिचे पाय गेले, माझे गुडघे गेले, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. दीड वर्षात ताई खाली आलेली नाही. मी एकदा हिंमत करून जिना चढायला घेतला, तर दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांच्या खुर्चीत बसले, त्यांच्याच ताटात जेवले आणि तिथूनच परत आले. तेव्हापासून आम्ही बहिणी अशा भेटतो : ती खिडकीत, मी रस्त्यावर. ती दोरीला टोपली बांधून मळके कपडे खाली सोडते, मी धुतलेले वर पाठवते, आणि बाकी सगळं ओरडून. आमच्या घरातलं एकही गुपित असं नाही जे समोरच्या औषधवाल्याला माहीत नाही. परवा नातीच्या वाढदिवसाची तारीख मी विसरले, ती त्याने सांगितली. पण ओरडून सगळं होतं असं नाही. ताईच्या केसांना तेल लावायचं तर ते रस्त्यावरून लागत नाही.

तर एका लिफ्टच्या कंपनीने वृद्धाश्रमाला लिफ्ट द्यायचं कबूल केलं, पण अट घालून. वृद्धाश्रमातर्फे कुणीतरी कंपनीच्या नावाची जर्सी घालून देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकल चालवायची, आणि तेराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत वृद्धाश्रमाच्या फाटकातली रेघ ओलांडायची. जर्सीच्या मागच्या खिशात काडेपेटीएवढं एक यंत्र. ते यंत्र आणि माणूस दोघं मिळून रेघेपार गेले, तर लिफ्ट आपली. नाहीतर यादीत पुढे दुसरं गाव आहेच.

ह्यासाठी बैठक भरली तेव्हा म्हणे सगळे आपापले बूट बघत बसले. आमचे जावई तिथे बैठकीला गेलेच नव्हते. ते सरकारी खात्यात वजनकाटे तपासतात. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला काटा अकरा ग्रॅमने जास्त दाखवतो म्हणून त्याला सील ठोकायला गेले होते. मेट्रनबाईंनी त्यांना दारातून जाताना पाहिलं आणि विचारलं, की तुम्ही सायकलने येता ना? हे म्हणाले, हो. झालं. तेवढ्यावर नाव लिहिलं गेलं. घरी आले तेव्हा लेकीने विचारलं, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत? तर म्हणतात, त्यांनी फक्त सायकलने येता का एवढंच विचारलं होतं, आणि ते खरं होतं.

पण गेले हो. कुरकुर न करता गेले. मी तोंडावर सांगत नाही, पण तेरा दिवस माझं लक्ष इस्त्रीच्या गठ्ठ्यात नव्हतं. सहाव्या दिवशी सायकलचा सांधा तुटला, तर वाटेतल्या एका गावातून दुसरी मिळवली, जुनीचा मीटर तिला लावला. नवव्या दिवशी घाटात असा वारा, की पायडल मारून माणूस जागच्या जागी. लेक रोज संध्याकाळी फोनवर ऐकून मला सांगायची आणि मी रस्त्यात उभी राहून ताईला सांगायची. ताईच्या मजल्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या खिडक्यांत जमायच्या. एकीने तर भिंतीवर खडूने डोंगर काढले होते म्हणे, आणि रोज त्यावरून एक बटण पुढे सरकवायची.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग विहीणबाईंचा फोन आला.

विहीणबाई म्हणजे जावयांची आई. बाई चांगली आहे. झोपलेली असते तेव्हा तर फारच चांगली. तिने मला कळवलं, की फाटकापाशी स्वागताचं सगळं तिने हाती घेतलंय. फुलांचा गुच्छ ती देणार, फीत तिने आणलीय, फोटोवाल्याला उभं कुठे करायचं ते ठरलंय. मग म्हणाली, "तुम्हीही या हं. मागच्या रांगेत जागा ठेवते, उंच आहात, डोकं दिसेल."

डोकं दिसेल! तेरा दिवस त्या माणसाच्या नावाने माझे गुडघे रस्त्यावर झिजले, आणि मी मागच्या रांगेतलं डोकं. मी तिला बरं म्हटलं, फोन ठेवला आणि हिला दाखवायचं असं ठरवलं. वृद्धाश्रमाचं फाटक तिचं असेल, पण त्या फाटकाकडे जाणारा रस्ता माझ्या दुकानावरून जातो. जावई आधी माझ्यापुढे येणार, मग तिच्यापुढे. ताजी भाकर आम्हाला, उष्टी तिला.

तेराव्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायचे दोन बांबू रस्त्याच्या दोन बाजूंना उभे केले. एक आमच्या ह्यांच्या हातात, एक लेकीच्या. मध्ये हॉटेलच्या पडद्यांची उरलेली लाल फीत ताणली, कडक इस्त्री करून. लेक कटकट करत होती. नियमांचे चार कागद होते, ते तिने मला आठ दिवसांपूर्वीच वाचायला दिले होते. पहिल्यावर सायकलचं चित्र होतं, ते मी पाहिलं. उरलेले तीन इस्त्रीच्या टेबलाच्या एका पायाखाली गेले, टेबल डुगडुगत होतं. लेकीचं म्हणणं एवढंच, की ते इथे थांबले तर? मी तिला समजावलं, की अर्धं मिनिट थांबतील, मी कौतुक करीन, घोटभर पाणी देईन, आणि मग जातील पुढे. त्यात काय बिघडतंय?

साडेतीनला आधी वाट दाखवणारा मोटारसायकलवाला आला. तो फितीखालून वाकून, हात हलवून वळणापलीकडे गेला, वृद्धाश्रमात वर्दी द्यायला. मागोमाग जावई.

मी ओळखलंच नाही. तोंड सोलून निघालेलं, ओठ फुटलेले, दाढी अशी की पाखराने घरटं समजून आत बसावं. अंगावरची जर्सी मूळची पिवळी होती हे मला माहीत होतं म्हणून, नाहीतर कोणत्याही धुणाऱ्याने तिला तपकिरी म्हणून लिहिलं असतं. त्यांनी फीत पाहिली, मला पाहिलं, छातीने फीत तोडली आणि सायकलवरून उतरले. उतरले म्हणजे कडेने कलंडले. ह्यांनी बांबू सोडून त्यांना धरलं.

उभे राहिल्यावर त्यांनी मला विचारलं, "आई, झालं ना?"

आता इथे खरं लिहिते. मला माहीत होतं, की झालेलं नाही. पण त्या माणसाचे पाय असे थरथरत होते, जसं मशीन शेवटचं पाणी पिळताना थरथरतं. त्या घडीला मला वाटलं, एवढा देश ओलांडून आल्यावर वळणापलीकडच्या दोन ढांगांचं ते काय? चादरीचं एक टोक ओलं राहिलं म्हणून चादर धुतली नाही असं कोणी म्हणतं का? थोडं बसतील, अंग धुतील, मग स्वच्छ होऊन डौलात जातील. आणि, लपवत कशाला, विहीणबाईंनी गुच्छ धरून जरा ताटकळावं असंही वाटलं.

मी म्हटलं, "झालं. आत चला."

आत आले, आणि पुढचं सगळं पद्धतीप्रमाणे झालं. मी जर्सी आणि विजार उतरवायला लावली. त्यांनी उतरवली. आंघोळीला पाठवलं. गेले. जेवायला वाढलं. जेवले. मी म्हटलं, जरा पाठ टेका. त्यांनी कपड्यांच्या गठ्ठ्यांवर पाठ टेकली आणि एक पाय अजून वर असतानाच घोरायला लागले. दरम्यान ह्यांनी सायकल मागच्या मोरीत नेली, चिखल धुतला, साखळी काढून रॉकेलच्या डब्यात बुडवली. ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मळलेली वस्तू दिसली की ह्यांचेही हात थांबत नाहीत. अडतीस वर्षांचा संसार आहे. आणि मी जर्सीला नंबराची पट्टी लावली, अडुसष्ट, हॉटेलच्या टेबलक्लॉथबरोबर मोठ्या मशीनमध्ये घातली, जाड सुतीवर काटा फिरवला. सव्वा तासाचं काम. खिसे तपासायचे असतात हे मला कोणी शिकवायला नको. पण मागे पाठीवर खिसा असणारा कपडा मी जन्मात पाहिलेला नव्हता.

पावणेपाचला विहीणबाईंचा फोन आला. आधीही दोनदा वाजला होता, पण हात ओले होते.

मी उचलला तर तिकडून नुसता हंबरडा. "माझा मुलगा पाण्यात आहे हो!"

नीट कळायला थोडा वेळ गेला. झालं होतं असं, की ते काडेपेटीएवढं यंत्र नुसतं माणूस कुठे आहे एवढंच सांगत नव्हतं. वाटेत नद्या, दऱ्या, म्हणून माणूस पाण्यात पडला तर तेही सांगायचं, आणि आपटला तर तेही. वृद्धाश्रमाच्या अंगणात मोठा पडदा लावला होता, त्यावर सगळं दिसत होतं. जावयांचा ठिपका आमच्या दुकानापाशी थांबला तेव्हा लोकांना वाटलं, सासुरवाडी आहे, दहा मिनिटं लागणारच. विहीणबाईंनी त्याबद्दल माझ्या नावाने जे म्हणायचं ते म्हटलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली : स्वार पाण्यात. त्याखाली : स्वार पडला. लगेच परत : स्वार पडला. परत : स्वार पडला. दर चार सेकंदांनी एकदा. आमचा रस्ता समुद्राकडे जातो, म्हणून शोधणारे आधी किनाऱ्याकडे धावले होते. मशीनचा ड्रम एक फेरी चार सेकंदांत घेतो. ताईच्या शेजारच्या एका आजोबांनी म्हणे एकशे नव्वदपर्यंत मोजलं, मग टोपी काढून छातीशी धरली.

मी विहीणबाईंना सांगितलं, की तुमचा मुलगा कोरडा आहे आणि घोरतोय. पाण्यात त्याचे कपडे आहेत, अजून वीस मिनिटं आहेत, मग पिळायचे.

तिच्या हातून फोन लिफ्ट कंपनीच्या साहेबांनी घेतला. ते शांतपणे म्हणाले, की यंत्र आणि माणूस पाचच्या आत इथे नसतील तर त्यांना वाईट वाटेल, पण कागद कागद आहे. आता चार अठ्ठेचाळीस झालेत. आणि अग्निशमन दल तुमच्याकडे निघालंय, बुडालेल्या माणसासाठी बोलावलं होतं, ते आता परत बोलावता येत नाही.

फोन ठेवला आणि मी टेबलाकडे पाहिलं. त्याच्या पायाखालचे तीन कागद मला तिथूनच वाचता यायला लागले, असं वाटलं. ताईची खिडकी डोळ्यांपुढे आली. माझ्या डोळ्यांना धार लागली असं लिहिणार नाही. लागली नव्हती. तेवढा वेळच नव्हता.

लेकीने नवऱ्याला उठवायला घेतलं. हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी कानाशी जाऊन म्हटलं, "उठा." तर उठले. सांगितलं की ऐकतात, हा त्यांचा फायदाही आहे. काय झालंय ते लेकीने एका दमात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता यंत्र. मशीनचं दार धुणं संपेपर्यंत उघडत नाही, कुलूप आतून बसतं. काचेतून मला ती जर्सी दिसत होती, दर चार सेकंदांनी वर यायची आणि पडायची. अग्निशमन दलाचे दोघे तेवढ्यात आत आले, एकाच्या गळ्यात पाण्यात टाकायचं ते लाल-पांढरं कडं. त्यांनी विचारलं, बुडालेला माणूस कुठे आहे? मी मशीनकडे बोट दाखवलं. मोठा होता तो काचेपाशी वाकला, बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याने विचारलं, की माणूस आकाराने केवढा होता. समजावून सांगितल्यावर त्याने कुऱ्हाड काढली. म्हणाला, काच फोडू का, एका घावात होईल.

ते मशीन मी घेतलं तेव्हा गावात तेवढं मोठं दुसरं नव्हतं. मी त्याला स्वतःच्या हाताने पुसते. मी काचेवरून एकदा पदर फिरवला. मग म्हटलं, "फोडा."

"थांबा," आमचे हे म्हणाले.

सगळे थांबले. ह्यांच्या तोंडून हा शब्द लग्नानंतर पहिल्यांदाच निघाला असावा. ह्यांनी खाली बसून मशीनच्या तळाची एक झाकणी काढली, आत बोट घातलं, एक दोरी ओढली. कट् असा आवाज झाला आणि दार उघडलं. मी विचारलं, की हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? म्हणाले, "मशीन आलं तेव्हापासून." मग मला का सांगितलं नाहीत? म्हणाले, "विचारलं नाहीस." दिवसाचे शब्द तिथे संपले.

पण दार उघडलं तेव्हा आत पाणी होतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टेबलक्लॉथ, साबण आणि फेस असं सगळं एका लोंढ्यात दुकानातून रस्त्यावर गेलं. ज्याच्या गळ्यात कडं होतं तो अग्निशमनवाला बसूनच दारापर्यंत गेला. जर्सी लेकीने पायाने अडवली, मागच्या खिशातून यंत्र काढलं. चालू होतं. धुतल्यामुळे चकाकत होतं.

चार त्रेपन्न. जर्सीतून पाणी गळत होतं, आणि जावई टॉवेलवर. कोरडं आणि त्यांच्या मापाच्या जवळपासचं दुकानात एकच होतं, हॉटेलच्या दारवानाचा गणवेश. लांब लाल कोट, खांद्यावर झिरमिळ्या, सोनेरी बटणांच्या दोन रांगा. तो घातला. त्यांची सायकल मोरीत सुट्टी पडलेली, म्हणून आमची गठ्ठे पोचवायची लोखंडी सायकल बाहेर काढली, पुढे भली मोठी टोपली असलेली. सायकल कोणती हवी, रेघ ओलांडताना जर्सी अंगावरच हवी असं नियमात आहे का, हे जावयांनी त्या गडबडीतही विचारलं. लेकीने टेबल उचलून कागद पाहिले. नाही म्हणाली. यंत्र टोपलीत टाकलं आणि निघाले.

निघाले ते सरळ आमच्याच फेसात. चाक सरकलं, सायकल एकीकडे, दारवान दुसरीकडे. यंत्राने लगेच कळवलं : स्वार पडला. ताई सांगते, पडद्यावर ते आलं तेव्हा कुणी मानही वर केली नाही. दोनशेच्या पुढे त्यांना सवय झाली होती.

पण उठले. गुडघ्यावर कोट फाटला, हाताला रक्त आलं, तरी उठले आणि वळण घेतलं. मी मागे धावले. धावले म्हणजे इतरांच्या मानाने चालले असेन, पण माझ्या गुडघ्यांना ते धावणंच होतं.

वळणापलीकडे फाटक, फाटकात चुन्याची रेघ, रेघेवर फीत. गर्दी दोन्ही बाजूंना. लिफ्टचे साहेब हातात घड्याळ धरून. आणि रेघेच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, गुच्छ घेऊन विहीणबाई. आधी तिने मुलाला ओळखलंच नाही. दारवानाला म्हणाली, बाजूला हो, इथून माझा मुलगा येणार आहे. मग ओळखलं. ओळखल्यावर दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "थांब बाळा, थांब, एक फोटो."

आणि ते थांबले.

रेघ चार हातांवर. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. मी मागून ओरडले, "थांबू नका!" त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पुढे आईकडे पाहिलं. एक आई म्हणते थांब, एक आई म्हणते थांबू नको, आणि दोघींचं ऐकायचं तर माणसाने करायचं काय? त्यांच्या तोंडावर ते सगळं दिसत होतं. साहेबांनी घड्याळ जरा वर उचललं.

सगळं गप्प झालं होतं, म्हणून वरचा आवाज खाली नीट ऐकू आला. ताई ओरडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीतून ती हळू बोलली.

"जावईबापू, मला खाली यायचंय हो."

जावयांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "नाही, आई." पायडल दाबलं. विहीणबाई गुच्छासकट बाजूला झाल्या आणि टोपली, यंत्र, दारवान असे सगळे फीत तोडून रेघेपार गेले. साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि मान डोलावली. अजून एक मिनिट आणि काही सेकंद होते. वरच्या मजल्यावरून टोपल्या, टॉवेल, एक उशी, जे हाताला लागेल ते खाली यायला लागलं. इतका आनंद मी त्या इमारतीला कधी झालेला पाहिला नाही.

ते 'नाही, आई' कोणत्या आईला होतं ते अजून ठरलेलं नाही. मी समजते विहीणबाईंना होतं. त्या समजतात मला होतं. जावयांना विचारावं तर ते दोघींना हो म्हणतात.

सगळी गर्दी पांगल्यावर जावई कोट काढून, घडी घालून, माझ्यापुढे आले. कोट फाटल्याबद्दल माफी मागितली. म्हटलं, त्याचं मी बघते. तरी जाईनात. मग खाली बघत म्हणाले, "आई, एक सांगायचं राहिलं. तुमच्या दुकानासमोर फीत तोडली ना, तेव्हा माझ्या सायकलचा मीटर तीनशे वीस मीटर कमी दाखवत होता. मला वाटलं, बिघडला. तुम्ही झालं म्हणालात, म्हणून आंघोळीआधी मी तो तेवढा पुढे ढकलून बरोबर केला."

अकरा ग्रॅमसाठी काट्याला सील ठोकणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं, वर ताईच्या खिडकीकडे पाहिलं. विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या, ऐकत होत्या, तरी मी मोठ्यानेच बोलले.

"जावईबापू, मीटर चांगला होता. पुढच्या वेळी आधी सासू तपासून घ्या."